एका घरचे चार आवाज

आमच्या अण्णांना गाता येत नाही हे सगळ्या चिकपेटेला ठाऊक होतं. फक्त अण्णांना ठाऊक नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. पेठेत आमचं कापडाचं दुकान होतं. घराणं किती पिढ्या बंगळूरला आहे हे त्यांनाही धड सांगता येत नसे. घरात मराठी बोलायची आणि उंबरा ओलांडला की कन्नड, हा तिथला रिवाज. अण्णांचा आवाज दुकानात घडलेला होता. गल्लीच्या तोंडाशी घुटमळणाऱ्या गिऱ्हाइकाला गादीवरून "या, बसा" म्हटलेलं ऐकू जावं, असा. सकाळी ते आरती म्हणू लागले की समोरचा कॉफी दळणारा आपल्या माणसाला सांगे, "अण्णांची पूजा झाली, दुकानाची फळी काढ."

सासूबाईंना सगळं घर अक्का म्हणे, म्हणून मीही अक्काच म्हणत असे. त्यांचं अगदी उलट. लग्न होऊन मला दहा वर्षं झाली तरी त्यांना मोठ्यानं बोलताना मी ऐकलं नव्हतं. त्या गरीब होत्या असं मात्र कुणी समजू नये. घरातलं एकूण एक काम त्यांच्याच मनासारखं व्हायचं, पण ते भुवईच्या जोरावर. त्यांची भुवई किंचित वर गेली की मी गॅस बारीक करत असे.

मी मिरजेची. लग्नानंतर पहिले काही महिने या घरची मराठी माझ्या डोक्यावरून जायची. "स्वल्प थांब" म्हणजे जरा थांब, "सुम्ने बस" म्हणजे उगी बस, "सरी" म्हणजे ठीक आहे, हे कळायला वेळ लागला. मग एकदा माहेरी गेले आणि भाजीवाल्याला "स्वल्प कमी करा की" म्हणाले, तेव्हा आई माझ्याकडे बघतच राहिली.

नव्वदच्या दशकातल्या सुरुवातीच्या वर्षांतली ही गोष्ट आहे. केबल टीव्ही नुकता आला होता, आणि आमच्या मराठी मंडळात माणसं यायची बंद होतात की काय अशी सगळ्यांना धास्ती पडली होती. मंडळाचा वार्षिक कार्यक्रम ठरलेला असे. लहान मुलांचा नाच झाला की मुलांचे आईबाप उठून जायचे. बायकांची भजनं सुरू झाली की पुरुष बाहेर पान खायला जायचे. शेवटी पाहुण्या गायकाचं गाणं व्हायचं तेव्हा सभागृहात मंडळाचे पदाधिकारी आणि पंखे एवढेच उरायचे.

त्या वर्षी मंडळात एक नवीन बाई आल्या होत्या. पुण्याच्या. नवऱ्याची बदली बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात झाली म्हणून इकडे आलेल्या, जयनगरला राहायच्या. गाणं शिकलेल्या आणि शिकवायची हौस असलेल्या. सभेत त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मुलांचं वेगळं, बायकांचं वेगळं, असं करूच नका. सगळ्यांचं मिळून एकच करू. बंगळूरचा एक दिवस. पहाटेच्या गाण्यापासून रात्रीच्या अंगाईपर्यंत. मध्ये नाच, मध्ये कविता. आजोबा, आई, नात, सगळे एकाच रंगमंचावर. मग कोण उठून जातंय बघू."

मंडळाच्या फळ्यावर त्यांनी सूचना लावली. खाली ठळक लिहिलं होतं: "आवाज चांगला असण्याची अट नाही."

अण्णांनी ती सूचना वाचली, घरी आले आणि जेवताना जाहीर केलं, "आपण सगळे जायचं."

"मीसुद्धा?" माझ्या मुलीनं विचारलं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती.

"तू, तुझी आई, अज्जी आणि मी. तुझा बाप दुकान बघेल."

माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा जो आनंद पसरला तो मी आजही विसरलेली नाही. अक्कांची भुवई वर गेली. पण अण्णांनी ती पाहिलीच नाही. ते भातावर सारू वाढून घेण्यात गुंतले होते.

पहिल्या रविवारी तालमीला चाळीसएक माणसं जमली. बाईंनी पेटी काढली आणि एकेका रांगेला एकच ओळ म्हणायला सांगितली. मुलांची छान झाली. बायकांची बरी झाली. मग पुरुषांची रांग. तबला वाजवायला बाईंचे यजमान होते. त्यांचा हात वाजवता वाजवता थांबला. अण्णा एकाच सुरावर उभे होते आणि बाकीची रांग त्यांच्याभोवती वाट चुकल्यासारखी फिरत होती. पेटी वर गेली, अण्णा तिथेच. पेटी खाली आली, अण्णा तिथेच. शेवटी शेजारचे दोघे त्यांच्याच सुरावर येऊन थांबले. तेच सोपं होतं.

बाईंनी पेटीचा भाता मिटला. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण बाई मोठ्या हुशार. त्या उठून अण्णांजवळ आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, तुमचा आवाज समूहात वाया जातोय."

"हो ना?" अण्णा म्हणाले.

"असा आवाज एकट्यानंच ऐकवायचा असतो. आपल्याकडे मधे एक कविता आहे. दुपारच्या चार वाजताची. ती तुम्ही म्हणायची."

"सरी," अण्णा खूष होऊन म्हणाले. "कुठली कविता?"

"ती अजून लिहायची आहे," बाई म्हणाल्या. "बंगळूरची दुपार, पाऊस, पेठ, असं काहीतरी हवंय. मला मिळाली नाही. कुणाला सुचली तर आणा."

अण्णांनी आयुष्यात कविता केली नव्हती. पण दुकानातल्या मालाबद्दल गिऱ्हाइकानं विचारलं आणि तो नसला, तरी "नाही" म्हणायची त्यांना सवय नव्हती. "पुढच्या रविवारी देतो," त्यांनी सांगून टाकलं.

तालीम संपताना बाईंनी गाण्यांचे कागद वाटले. स्वच्छ अक्षरात लिहून झेरॉक्स केलेले. घरी आल्यावर मी माझा कागद स्वयंपाकघरात ओट्याच्या वरच्या खिळ्याला अडकवला आणि पोळ्या लाटता लाटता पाठ करू लागले. अक्कांचा कागद देवघरात हळदीकुंकवाच्या करंड्याखाली घडी घालून ठेवलेला. तीन दिवस तो तिथेच होता. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "अक्का, पहाटेचं गाणं झालं का पाठ?"

त्या भाजी निवडत होत्या. हातातली जुडी त्यांनी बाजूला ठेवली. मग अगदी हळू म्हणाल्या, "मला ते अक्षर येत नाही गं."

मला आधी कळलंच नाही. अक्का रोज दुपारी कन्नड पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या. कन्नड कादंबऱ्या वाचून डोळे पुसायच्या. मग लक्षात आलं. त्यांची शाळा कन्नड. घरात मराठी फक्त बोलायची, लिहायची वेळच कधी आली नव्हती. अण्णांना वडिलांनी दुकानाच्या पत्रव्यवहारासाठी देवनागरी शिकवली होती; मुलींना कोण शिकवणार?

मला कन्नड लिहिता येत नव्हतं. पण आमच्या घरात दोन्ही लिपी येणारं एक माणूस होतं. शाळेतून आल्या आल्या मी मुलीला बसवलं. मी ओळ म्हणायची, तिनं ती कन्नड अक्षरांत लिहायची. पहिल्याच कडव्यात तिनं पेन्सिल थांबवली.

"आई, चंद्राचा च आणि चांदण्याचा च वेगळा आहे. कन्नडमध्ये एकच आहे. काय करू?"

अक्का पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "चांदण्याच्या डोक्यावर एक टिंब दे. मला कळेल."

असं करत आज्जी आणि नातीनं मिळून एक नवी लिपी तयार केली. दोघी जमिनीवर बसल्या होत्या, कागदावर डोकी वाकवून, आणि अक्का दर ओळीनंतर ती हळू आवाजात वाचून बघत होत्या. पुढच्या रविवारी त्यांनी तो कागद पिशवीतून काढला. शेजारी पेठेतल्याच एक म्हाताऱ्या मावशी बसल्या होत्या, त्यांनी मान वाकडी करून पाहिलं आणि विचारलं, "हे कुठं मिळालं? मला एक दे की."

मग मागच्या रांगेतून एक आजोबा आले. मग आणखी दोघी. बाई बघत राहिल्या. निम्मी म्हातारी मंडळी नुसता कागद हातात धरून बसत होती हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या कळवळून म्हणाल्या, "अहो, मला कुणी सांगितलं का नाही?"

आजोबा म्हणाले, "तुम्ही विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. आता सरी झालं की!"

त्या दिवसापासून माझ्या मुलीच्या अक्षरातल्या प्रतीसुद्धा झेरॉक्स होऊ लागल्या. ती इतकी फुशारली की शाळेच्या वहीतही च वर टिंबं देऊ लागली आणि कन्नडच्या मास्तरांकडून छडी खाता खाता वाचली.

नाचाचं काम एका तरुण मुलीकडे होतं. ती जुन्या पेठेतलीच, भरतनाट्यम शिकवायची. बंगळूरला त्या काळी घरटी एक मुलगी भरतनाट्यम शिकत असे, त्यामुळे नाचणाऱ्या मुलींची वाण नव्हती. संध्याकाळच्या गाण्यावर मुलींनी नाचायचं आणि आज्ज्यांनी दोन्ही बाजूंना हातात दिवे घेऊन बसायचं, असं तिनं बसवलं. "किती शोभून दिसेल बघा," ती म्हणाली.

आज्ज्या मुकाट्यानं बसल्या. दिव्यांच्या ऐवजी सध्या हातात वाट्या होत्या. नाच सुरू झाला, संपला. आणि अक्का बोलल्या. चांगलं ऐकू जाईल असं बोलल्या.

"आम्ही काय समया आहोत का, कडेला लावून ठेवायला?"

आणि हातातली वाटी त्यांनी खणकन खाली ठेवली. मग पेठेतल्या मावशी फसकन हसल्या, आणि बघता बघता सगळ्या आज्ज्या हसायला लागल्या. नाचवाली मुलगी गोरीमोरी झाली. "तसं नाही अक्का, तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"फुगडी येते का या पोरींना?" अक्कांनी विचारलं.

पोरींना पावलांचे अडवू येत होते, मुद्रा येत होत्या, पण फुगडी येत नव्हती. अक्कांनी पदर खोचला. मावशींना हाताला धरून उठवलं. दोघींनी हात गुंफले, पावलं जुळवली, अंग मागे टाकलं आणि फिरू लागल्या. फार वेगात नाही. पासष्टी ओलांडलेली होती दोघींनी आणि मावशींचा गुडघा दुखरा होता. पण तोंडानं फुगडीचा "पकवा" घुमत होता आणि बांगड्या वाजत होत्या. मुली आ वासून बघत राहिल्या. अण्णा त्यांच्याहून जास्त. मला वाटतं, बायको फुगडी घालते हे चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांना प्रथमच कळत होतं.

त्या दिवसापासून तालमीचा रंगच पालटला. एका कोपऱ्यात आज्ज्या मुलींना फुगडी शिकवायच्या, आणि त्याच्या बदल्यात मुली त्यांना हाताच्या मुद्रा शिकवायच्या. मावशींना मोराची मुद्रा इतकी आवडली की कॉफीचा पेलासुद्धा त्या तीच करून धरायला लागल्या. देवनहळ्ळीकडे मळा असलेले एक गृहस्थ होते, ते दर रविवारी पोतंभर चकोते घेऊन यायचे. चकोता म्हणजे आपलं पपनस. मधल्या सुट्टीत लहानथोर सगळे गोल करून बसत आणि सोलत. बाईंचे यजमान मात्र कायम उशिरा यायचे. रविवारीही त्यांची पाळी असायची, आणि होसूर रोडवर कारखान्याची बस कुठे अडकेल याचा नेम नसे. तोवर आजोबा लोक मांडीवर ठेका धरायचे.

आणि अण्णांची कविता? ती घरी चालली होती. जेवणघरात येरझारा घालत ते ओळी म्हणत. आवाज तोच, दुकानातला, त्यामुळे कविता एकट्याची राहिलीच नाही. वरच्या मजल्यावरचे कन्नड भाडेकरू जिन्यात भेटले की विचारत, "पुढचं कडवं झालं का?"

तीन-चार दिवसांत ती बहुतेक झाली:

*उन्हातनं आलास बाबा, पाणी पिऊन जा*
*पेठेत माझ्या पाऊल पडलं, स्वल्प बैस, मग जा*

*कापड नको घेऊस हवं तर, सुम्ने बघून जा*
*आलास तसा जाऊ नको रे, नाव सांगून जा*

*कुठलं गाव अन् कुठली भाषा, पुढं कधीतर बघू*
*कॉफी उकळून येईस्तोवर गोष्ट सांगून जा*

*चार वाजता पाऊस आला, छत्री घेऊन जा*

इथे गाडी अडली. "छत्री घेऊन जा" नंतर काय? "उद्या आणून दे" म्हणून बघितलं. "विसरू नकोस" म्हणून बघितलं. "जपून वापर" म्हणून बघितलं. प्रत्येक वेळी कवितेतला माणूस दुकानदार व्हायचा. दोन दिवस येरझारा झाल्या. तिसऱ्या दिवशी अक्का ताक घुसळत होत्या. रवी न थांबवता त्या म्हणाल्या, "परत द्यायचं निमित्त काढून पुन्हा येऊन जा."

अण्णा जागच्या जागी थांबले. ओळ मनातल्या मनात म्हणून पाहिली.

"हेच मी म्हणणार होतो," ते म्हणाले.

अक्कांची भुवई वर गेली. त्या वेळी ती मी पाहिली.

रविवारी कविता वाचली गेली. टाळ्या पडल्या. पण मंडळात नव्यानं आलेले एक गृहस्थ होते, भाषेबद्दल फार काटेकोर. ते म्हणाले, "भाव उत्तम आहे. पण 'स्वल्प' काय, 'सुम्ने' काय? निदान कवितेत तरी शुद्ध मराठी हवी. 'जरा' घाला, 'उगाच' घाला."

अण्णांनी कवितेचा कागद घडी करून खिशात टाकला. घरी येताना रिक्षात ते म्हणाले, "घालू 'जरा'. काय बिघडतं?" पुढच्या चौकात पुन्हा म्हणाले, "आपली मराठी ती काय मराठी! मोडकीतोडकी."

"बदलायचं नाही," अक्का म्हणाल्या.

"अगं, पण ते शिकलेले लोक..."

"तुम्ही दुकानात 'उगाच बघून जा' म्हटलंय का कधी? तो माणूस उठून जाईल."

हे इतकं खरं होतं की रिक्षात आम्ही सगळेच हसलो. माझी मुलगी तर "उगाच बघून जा" म्हणत घरापर्यंत खिदळत होती. पुढच्या रविवारी अण्णांनी बाईंना सरळ विचारलं. बाई म्हणाल्या, "अण्णा, मला इथं येऊन दीड वर्ष झालं. पहिला शब्द शिकले तो 'स्वल्प'. तो काढलात तर मी पेटी वाजवणार नाही." काटेकोर गृहस्थांनी खांदे उडवले. पण ते पुरुषांच्या रांगेत अगदी चांगलं गात, आणि पुढच्या तालमींत "स्वल्प बैस, मग जा" ही ओळ समूहानं उचलायची ठरली तेव्हा सगळ्यांत स्पष्ट त्यांचाच आवाज लागत असे.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं. कधी नव्हे ते बाहेरून खुर्च्या आणाव्या लागल्या, आणि माझा नवरा दुकान लवकर बंद करून त्या मांडत होता. आमचे भाडेकरू सहकुटुंब आले होते. समोरचा कॉफीवाला आला होता. बाईंचे यजमान मात्र आले नव्हते. पडदा उघडायला पाच मिनिटं असताना ते मागच्या दारातून धापा टाकत शिरले, कारखान्याच्या निळ्या सदऱ्यातच, खिशावर बिल्ला तसाच. बाईंनी त्यांच्यासाठी आणलेला रेशमी झब्बा पिशवीतच राहिला. ते तसेच तबल्यावर बसले.

पहाट चांगली झाली. सकाळ तर फारच छान झाली. मुलांनी शाळेला निघण्याचं गाणं म्हटलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या आया ओठ हलवत होत्या. बायकांच्या रांगेत मी अक्कांच्या शेजारी उभी होते. अक्कांचा आवाज कोवळा आणि सुरेल, पण बारीक. म्हणून बाईंनी त्यांना मुद्दाम उभ्या माइकच्या अगदी समोर ठेवलं होतं.

मग चार वाजले. म्हणजे कार्यक्रमातले. आमच्यातल्या मुलांनी चुटक्या वाजवून पावसाचा आवाज काढला आणि अण्णा पुढे आले. धोतर, कोट, जरीची टोपी. त्यांना माइक लागतच नव्हता, तरी दिला होता.

"उन्हातनं आलास बाबा, पाणी पिऊन जा..." शेवटच्या रांगेतला माणूस सावरून बसला. दुसरी ओळ झाली, समूहानं उचलली. कापडाची ओळ झाली, लोक हसले. नावाची ओळ झाली. आणि अण्णा थांबले.

आधी वाटलं, मुद्दाम थांबलेत. मग त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या दिसल्या. चुटक्यांचा पाऊस पडतच राहिला. अण्णा छताकडे बघत होते. बाईंनी पेटीवर उगीच दोन सूर धरले.

"अहो, 'कुठलं गाव'!" अक्का म्हणाल्या.

घरात म्हणत तशाच म्हणाल्या. फक्त समोर माइक होता. "अहो, कुठलं गाव" सगळ्या सभागृहात घुमलं.

लोकांत हसू फुटलंच. अण्णा गर्रकन वळले. त्यांच्याही हातात माइक होता हे ते विसरले. "मग तूच म्हण की!"

आता हशा थांबेना. कॉफीवाला तर उभा राहून टाळ्या पिटत होता. मी अक्कांकडे बघितलं. भुवई वर गेली, खाली आली. त्यांनी पदर खांद्यावरून पुढे घेतला, आणि हसू ओसरायची वाट बघून शांतपणे म्हणाल्या, "कुठलं गाव अन् कुठली भाषा, पुढं कधीतर बघू..."

अण्णांनी पुढचं उचललं, "कॉफी उकळून येईस्तोवर गोष्ट सांगून जा!"

कोण कुणाला बोलावतंय, कोण कुणाला थांबवतंय, काही कळेना. दुकानातला आवाज आणि स्वयंपाकघरातला आवाज. एक ओळ त्यांची, एक ओळ यांची. लोकांना वाटलं, असंच बसवलेलं आहे. बाईंनी प्रसंग ओळखून यजमानांना खूण केली आणि तबल्यानं हलका ठेका धरला.

"चार वाजता पाऊस आला, छत्री घेऊन जा," अण्णा म्हणाले आणि पुन्हा थांबले. आता मात्र ते विसरले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावरून मला ते कळलं. ते बाजूला सरकले, माइक तोंडाशी धरला आणि लोकांना म्हणाले, "पुढची ओळ हिची आहे. हिनंच केलीय. हिच्याच तोंडून ऐका."

अक्कांनी माझा हात धरला होता हे मला तेव्हा कळलं, कारण त्यांनी तो घट्ट दाबला. पण आवाज हलला नाही.

"परत द्यायचं निमित्त काढून पुन्हा येऊन जा."

टाळ्या इतक्या वाजल्या की चुटक्यांचा पाऊस कुणाला ऐकूच आला नाही. काटेकोर गृहस्थ पुरुषांच्या रांगेत डोळे पुसत होते आणि शेजाऱ्याला सांगत होते की धूळ गेली. पंधरा मिनिटांनी संध्याकाळच्या गाण्याला अक्का आणि मावशी मधोमध आल्या, पोरी भोवती. फुगडी झाली. मावशींनी गुडघ्यालाही न जुमानता एक गिरकी जास्त घेतली आणि लोकांनी "आणखी एक!" म्हणून ओरडा केला. शेवटी अंगाई. ती सगळ्यांनी मिळून, मुलांना आज्ज्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपवून. त्यांतली दोन खरोखरच झोपली.

जेवणाच्या वेळी लोक अण्णांना भेटायला यायचे आणि अण्णा म्हणायचे, "तिला विचारा, तिला सगळं ठाऊक." अक्का पानावर बसल्या होत्या आणि ओळखीच्या नसलेल्या बायकांशीही बोलत होत्या. बिशिबेळे भातात चिंच कमी पडल्याचं त्यांनी आचाऱ्याला स्वतः उठून जाऊन सांगितलं. भुवईनं नाही, तोंडानं.

पुढच्या रविवारी दुपारी मी आवराआवर करत होते. बघते तर अण्णा कोट घालून दारात उभे. अक्का चपला घालत होत्या आणि मुलगी कधीच तयार होऊन पायरीवर बसली होती.

"कुठं निघालात सगळे?"

"तालमीला," अण्णा म्हणाले.

"अण्णा, कार्यक्रम झाला ना गेल्या रविवारी."

"होय की," ते म्हणाले. क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, "तरी जाऊन बघू."

मंडळाच्या दाराला कुलूप होतं. पायऱ्यांवर पेठेतल्या मावशी आणि त्यांच्या दोन नाती बसलेल्या होत्या. आजोबा होते. काटेकोर गृहस्थ हातात वर्तमानपत्र घेऊन जणू सहजच आल्यासारखे उभे होते. देवनहळ्ळीचे गृहस्थ आले, पोतं घेऊन. कुणीच कुणाला का आलात म्हणून विचारत नव्हतं. सगळ्यांत शेवटी रिक्षातून बाई उतरल्या. मांडीवर पेटी होती.

"अरे, तुम्ही सगळे?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं मी एकटीच मूर्ख."

किल्ली आणायला कुणीतरी गेलं. तोवर पोतं सोडलं, आणि आम्ही पायऱ्यांवरच बसून चकोते सोलायला लागलो.